साम्राज्य, युद्धं आणि दप्तरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने सरकारी कागद कुठे बघायचे, कसे मागायचे आणि ते मिळत नाहीत तेव्हा काय करायचं, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. भर ब्रिटिश साम्राज्यावर आणि त्याच्या युद्धांवर आहे, कारण बहुतेकांचे प्रश्न तिथलेच असतात. पेशवाई आणि पोर्तुगीज गोवा ओघानं आले आहेत.

१. दप्तरखान्यात जाऊन "मला अमुक विषयावरचं सगळं द्या" असं सांगता येतं का?

सांगता येतं, पण हाती फारसं लागत नाही. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावलेली असतात. दप्तरखान्यात कागद ज्या कचेरीत तयार झाले, त्या कचेरीच्या नावाखाली लावलेले असतात. साताऱ्याच्या प्रतिसरकारबद्दल शोधायचं असेल, तर त्या नावाचा एक गठ्ठा कपाटात तुमची वाट बघत बसलेला नसतो. गृहखात्याच्या विशेष शाखेत, जिल्ह्याच्या पाक्षिक अहवालांत, पोलिसांच्या पत्रव्यवहारात तो विषय विखुरलेला असतो. म्हणून आधी स्वतःला विचारा: ही गोष्ट लिहून ठेवायची गरज कुणाला पडली असेल, आणि त्यानं ती वर कुणाला कळवली असेल? याचं उत्तर मिळालं की निम्मा शोध संपतो.

२. ब्रिटिश काळातले कागद दिल्लीत आहेत की लंडनमध्ये?

दोन्हीकडे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून इथला महत्त्वाचा पत्रव्यवहार आणि बैठकांचे वृत्तांत लंडनला पाठवावे लागत. तिकडे साठलेला हा ढीग म्हणजे 'इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स'. १६०० पासून १९४७ पर्यंतचे हे कागद सुमारे १४ किलोमीटर फळ्या व्यापतात आणि ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इथल्या कागदांसाठी १८९१ मध्ये कलकत्त्यात इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट स्थापन झालं. तेच पुढे दिल्लीत आलं आणि आजचं राष्ट्रीय अभिलेखागार झालं.

दोन्हींत फरक आहे, आणि तो कामाचा आहे. लंडनला बहुधा ठरलेला निर्णय पोहोचे. तो ठरण्याआधी कोणत्या सचिवानं काय आक्षेप घेतला, कुणी कुणाची टिपणी खोडली, ही भांडणं दिल्लीच्या फायलींच्या टिपणी-भागात सापडतात. कुणाला दोहोंपैकी एकच जागा परवडत असेल तर मी दिल्ली सुचवीन. 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर नोंदणी करून घरबसल्या सूची चाळता येते, आणि अनेक फायलींची पानंही दिसतात.

तिसरी जागा म्हणजे लंडनजवळच्या क्यू इथलं नॅशनल आर्काइव्ह्ज. तिथे ब्रिटनच्या स्वतःच्या खात्यांचे कागद आहेत: युद्धखातं, मंत्रिमंडळ, परराष्ट्र, वसाहत खातं. इथे एक चूक फार जण करतात. हिंदुस्थानचे कागद वसाहत खात्यात शोधतात आणि रिकाम्या हातानं परततात. हिंदुस्थानसाठी वेगळं इंडिया ऑफिस होतं, वसाहत खात्याशी त्याचा संबंध नव्हता.

ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठा सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा दीर्घकाळ विस्कळीत राहिल्या. एखादी जुनी लिंक उघडत नसेल तर कागद हरवला असं समजू नका.

३. लंडन-दिल्लीला जाणं शक्य नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात काय आहे?

पुष्कळ आहे, आणि ते बघायला येणारी माणसं कमी आहेत.

मुंबईत काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारचं दप्तर तिथे आहे. कंपनीच्या गुप्त व राजकीय खात्याच्या रोजनिश्यांपासून स्वातंत्र्य चळवळीवर पाळत ठेवणाऱ्या गृहखात्याच्या फायलींपर्यंत सगळं त्यात येतं. इंग्रज-मराठे युद्धांची इंग्रज बाजू बघायची तर सुरुवात इथून करावी.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. हजारो रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), बहुतांश मोडी. १८१८ नंतर इंग्रजांनी ते ताब्यात घेतलं आणि जपलं, ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. इनामं कुणाची खरी आणि कुणाची खोटी, याचा निवाडा करायला त्यांना ते कागद हवे होते. अभ्यासकांना मात्र ते दीर्घकाळ सहज उघडून मिळालं नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांना गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळावी लागली, त्यामागे हेही एक कारण होतं. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड सरकारनंच छापले. नवख्यानं थेट रुमाल मागण्याआधी ते खंड चाळावेत. भारत इतिहास संशोधक मंडळाचा, म्हणजे १९१० मध्ये सुरू झालेल्या संस्थेचा, संग्रहही पुण्यातच आहे.

पणजीच्या अभिलेखागाराची मुळं १५९५ पर्यंत जातात. दिओगो दो कूतो हा त्याचा पहिला दप्तरदार. मान्सूनच्या वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांतून गोवा आणि लिस्बन यांच्यात जो पत्रव्यवहार होई, त्याची 'मोंसोंईश दु रैनु' ही मालिका तिथली मुख्य ठेव आहे. तिचे सुरुवातीचे ६२ खंड अठराव्या शतकात लिस्बनला नेले गेले, ते तिथेच आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दप्तराच्या आधारे मराठे-पोर्तुगीज संबंधांवर केलेलं काम आजही या विषयात पहिल्यांदा उघडावं असं आहे.

४. कागदाची "गोपनीयता उठते" म्हणजे नक्की काय होतं, आणि किती वर्षांनी?

देशागणिक नियम वेगळा. ब्रिटनमध्ये १९५८ च्या कायद्यानं सरकारी कागद ५० वर्षांनी उघडत. १९६७ मध्ये ही मुदत ३० वर्षांवर आली, आणि २०१० च्या कायद्यानं २० वर्षांवर. २०१३ पासून दहा वर्षं, दरवर्षी दोन-दोन वर्षांचे कागद उघडत हा बदल अंमलात आला.

भारतात १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि त्याखालचे १९९७ चे नियम आहेत. २५ वर्षांहून जुने, कायम जतन करायचे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावेत अशी अपेक्षा आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं युद्धांच्या इतिहासाबद्दल धोरण जाहीर केलं. त्यातही सर्वसाधारण मुदत २५ वर्षांचीच आहे, आणि युद्ध संपल्यावर पाच वर्षांत त्याचा इतिहास तयार व्हावा असं म्हटलं आहे.

मुदत संपली की फाइल आपोआप उघडते असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात मुदत संपल्यावर कुणीतरी अधिकारी ती फाइल हातात घेऊन वाचतो. मग ती उघडतो, काही ओळी झाकून उघडतो, अडवून ठेवतो किंवा नष्ट करायला पाठवतो. यातल्या शेवटच्या दोन शक्यतांसाठी प्रश्न ५ आणि ९ बघा.

५. साठ वर्षं झाली तरी १९६२ च्या युद्धाचा अहवाल का मिळत नाही? माहिती अधिकारात मागता येईल ना?

मागता येतो, मागून झालाही आहे. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंग भगत यांनी १९६३ मध्ये दिलेला तो अहवाल सरकारनं आजवर अधिकृतपणे उघडलेला नाही. केंद्रीय माहिती आयोगानंही तो उघड करायला नकार दिला. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकारानं त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. तेव्हापासून जगानं वाचलेला कागद सरकारदरबारी गुप्त, अशी गंमत चालू आहे. तो रोखण्यातून आता नेमकं काय साधतं, हे मला कळलेलं नाही.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) अर्ज करणाऱ्यानं जरूर वाचावं. घटनेला २० वर्षं झाली की बहुतेक अपवाद गळून पडतात. तीन मात्र उरतात: देशाची सुरक्षा व परराष्ट्र संबंध, विधिमंडळांचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं. युद्धाची फाइल नेमकी पहिल्यात अडकते. शिवाय रॉ आणि गुप्तचर विभाग यांसारख्या संस्था कलम २४ नुसार जवळजवळ कायद्याबाहेरच आहेत.

ब्रिटनमध्ये १९५८ च्या त्याच कायद्यातल्या कलम ३(४) खाली खातं आपले कागद मुदतीनंतरही स्वतःकडे ठेवू शकतं. खाजगी म्हणून ठेवलेल्या कागदांचं त्रांगडं आणखी वेगळं. माउंटबॅटन यांचा संग्रह २०११ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठानं सार्वजनिक पैशाच्या मदतीनं विकत घेतला, तरी त्यांच्या डायऱ्या आणि पत्रं पूर्ण उघडावीत म्हणून एका चरित्रकाराला कित्येक वर्षं भांडावं लागलं.

६. आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला' गेले होते एवढंच घरात माहीत आहे. त्यांची नोंद कुठे मिळेल?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर मन मोडणारं आहे. हिंदी फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी लंडनला आहेत. शिपायांच्या नाहीत. त्या पलटणींकडे राहिल्या, आणि फाळणी, पलटणींची मोडतोड आणि साफसफाई यांत बऱ्याच गेल्या. पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदवह्या लाहोर संग्रहालयात टिकल्या आणि आता ऑनलाइनही येत आहेत, पण मराठी घरांना त्यांचा उपयोग नाही.

म्हणून माणसाऐवजी आधी पलटण शोधा. घरात पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा: क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते. गावात १९१४-१९ च्या युद्धात किती माणसं गेली आणि किती कामी आली हे सांगणारा संगमरवरी फलक असेल, तर तोही पुरावा आहे. सातारा, कोकण भागांत असे फलक आजही शाळांच्या, चावड्यांच्या भिंतींवर आहेत. त्यावर सहसा नावं नसतात, आकडे असतात. तेव्हाच्या मराठा पलटणी सहा: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. यांतल्या १०३, ११० आणि ११७ या सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेनं तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली.

पलटण कळली की क्यूच्या 'डब्ल्यूओ ९५' मालिकेत तिची युद्धरोजनिशी शोधा. रोज कुठे मुक्काम, किती मैल चाल, किती पडले, हवा कशी, हे त्यात आहे. अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांची फक्त संख्या. तरी पणजोबा १९१५ च्या दिवाळीत कुठे होते हे कळणं काही कमी नाही. बसरा आणि आखाताबद्दलच्या इंडिया ऑफिसच्या पुष्कळ फायली कतार डिजिटल लायब्ररीवर मोफत वाचता येतात.

ते परत आलेच नसतील तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव घाला. इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी बदलून बघा. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे, पण तिथे हिंदी शिपायांची नावं कोरली नव्हती, पलटणवार संख्या दिली होती. खुद्द आयोगानं २०२१ च्या अहवालात मान्य केलं की किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं नावानं किंवा अजिबातच स्मरली गेली नाहीत, आणि त्यांत पूर्व आफ्रिकेतले व इजिप्तमधले लोक मुख्यतः होते. यादीत नाव नसेल, तर ते युद्धात नव्हतेच असा निष्कर्ष काढू नका.

७. सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रं कुठे वाचता येतील?

मूळ पत्रं पत्त्यावर गेली आणि बहुतेक काळाबरोबर हरवली. उरले ते सेन्सॉरचे उतारे. फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी फौजेची टपाल तपासायला एक कचेरी होती. ती पत्रं वाची, निवडक मजकूर इंग्रजीत उतरवी आणि साप्ताहिक अहवाल वर पाठवी. हे अहवाल ब्रिटिश लायब्ररीत एल/एमआयएल/५/८२५ ते ८२८ या क्रमांकांखाली आहेत. सेन्सॉर बसला आहे हे शिपायांनाही ठाऊक होतं. 'काळी मिरी' संपत आली, आता 'लाल मिरची' वापरतात, असं कुणी लिहिलं तर ते हिंदी आणि गोऱ्या फौजेबद्दल असे. आपण वाचतो ते म्हणजे शिपायानं सांगितलेलं, अनेकदा दुसऱ्यानं लिहून दिलेलं, तिसऱ्यानं भाषांतर केलेलं आणि चौथ्यानं निवडलेलं. तसंच धरून वाचावं.

आवाज ऐकायचे असतील तर बर्लिनला. जर्मनांनी वुन्सडॉर्फच्या 'अर्धचंद्र' छावणीत हिंदी युद्धकैदी ठेवले होते. भाषांचा अभ्यास म्हणून त्यांच्या गोष्टी आणि गाणी त्यांनी ध्वनिमुद्रित केली. त्या तबकड्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत.

८. इंग्रजांनी जाताना कागद जाळले, हे खरं की सांगोवांगी?

खरं आहे. १९४७ मध्ये सर कॉनरॅड कॉरफील्ड यांच्या राजकीय खात्यानं संस्थानिकांच्या खाजगी भानगडींच्या फायली जाळल्या. त्यावर नेहरूंनी आक्षेपही घेतला होता. संस्थानांचा इतिहास लिहिणाऱ्यांना ही भोकं आजही जाणवतात.

पुढे आफ्रिका, मलाया, सायप्रस इथे हेच काम पद्धतशीर झालं. वसाहत मंत्री इयन मॅक्लिऑड यांच्या १९६१ च्या आदेशानुसार सरकारला लाज आणणारे किंवा खबऱ्यांना गोत्यात आणणारे कागद नव्या सरकारांच्या हाती द्यायचे नव्हते. सूचना बारकाईनं लिहिलेल्या होत्या. जाळलं तर राख कुस्करून टाका, बुडवायचं तर वजनदार पेट्यांत भरून किनाऱ्यापासून दूर, प्रवाह नसलेल्या खोल पाण्यात सोडा. युगांडात तर हे कागद युरोपीय वंशाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानंच हाताळावेत असा दंडक होता.

जे जाळलं नाही ते गुपचूप ब्रिटनला नेलं. केनियातल्या माउ माउ बंडाच्या वेळी छळ सोसलेल्या वृद्धांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला, तेव्हा २०११ मध्ये सरकारला कबूल करावं लागलं की हॅन्सलोप पार्क या ब्रिटनमधल्या सरकारी ठिकाणी ३७ वसाहतींच्या सुमारे ८,८०० फायली पडून आहेत. २०१३ मध्ये ५,२२८ दावेदारांना १ कोटी ९९ लाख पौंडांची भरपाई मिळाली. त्या फायली आता क्यूमध्ये 'एफसीओ १४१' या मालिकेत आहेत. त्यांत हिंदुस्थान शोधू नका, कारण हिंदुस्थान त्याआधीच स्वतंत्र झाला होता.

९. "ती फाइल नष्ट केली आहे" असं उत्तर आलं. ते मानायचं का?

कित्येकदा ते खरंच असतं. जानेवारी २०१४ मध्ये लंडनला उघडलेल्या कागदांवरून कळलं की फेब्रुवारी १९८४ मध्ये सुवर्णमंदिरातल्या कारवाईबद्दल एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं भारताला सल्ला दिला होता. चौकशी झाली, तेव्हा काही लष्करी फायली २००९ मध्येच नेहमीच्या छाननीत नष्ट झाल्याचं निघालं. आपल्याकडेही १९७१ च्या युद्धाचे पूर्व मुख्यालयातले कागद नष्ट झाल्याची बातमी २०१० मध्ये आली होती.

तरी थांबू नका. सरकारी पत्राच्या प्रती निघतात. युद्धखात्यातली फाइल गेली तर तेच पत्र परराष्ट्र खात्याच्या, पंतप्रधानांच्या कचेरीच्या किंवा दुसऱ्या देशाच्या दप्तरात असू शकतं. १९७१ साठी मी लोकांना अमेरिकी कागदांकडे पाठवतो. तिथल्या परराष्ट्र खात्यानं २००५ मध्ये त्या संकटावरचा खंड छापला. निक्सन-किसिंजर यांची संभाषणं आणि ढाक्याहून तिथले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिल १९७१ रोजी पाठवलेली निषेधाची तार, दोन्ही आज कुणालाही वाचता येतात.

ही वाट आपल्या इतिहासकारांना जुनीच माहीत आहे. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती पडला आणि स्वराज्याचं मूळ दप्तर उरलं नाही. मग शिवकाळाच्या तारखा इंग्रज, डच आणि पोर्तुगीज वखारींच्या पत्रांतून जुळवाव्या लागल्या.

१०. नेताजींच्या सगळ्या फायली उघडल्या का?

पश्चिम बंगाल सरकारनं सप्टेंबर २०१५ मध्ये ६४ फायली खुल्या केल्या. केंद्रानं २३ जानेवारी २०१६ रोजी पहिल्या १०० खुल्या केल्या आणि पुढे आणखी. त्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या खास संकेतस्थळावर आहेत. एखादं मोठं रहस्य फुटेल म्हणून उघडाल तर बहुतेक पानांवर खात्याखात्यांतली टोलवाटोलवीच सापडेल.

११. तारखा जुळत नाहीत. कागद चुकला की मी?

बहुधा दोघंही नाही. इंग्रजांकडे १७५२ पर्यंत जुनं पंचांग होतं आणि वर्ष २५ मार्चला सुरू होई. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये, पण वखारीच्या पत्रावर वर्ष १६६३ दिसतं. पोर्तुगीजांनी मात्र नवं पंचांग सोळाव्या शतकातच घेतलं, म्हणून एकाच घटनेच्या इंग्रज आणि पोर्तुगीज तारखांत सतराव्या शतकात १० दिवसांचं अंतर पडतं.

मोडी कागदांत सुहूर सन (तेव्हाची दप्तरी कालगणना) अरबी शब्दांत असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १, ६०, १०० आणि १०००, मिळून ११६१. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि त्यानंतर ६००. इथे उत्तर येतं १७६०-६१, पानिपताचं वर्ष.

१२. सूचीत नाव घालूनही काहीच येत नाही.

त्या काळच्या साहेबाच्या कानानं शोधा. पुणे 'पूना', वसई 'बसीन', ठाणे 'टान्ना', शिंदे 'सिंदिया', होळकर 'होलकर', मराठे 'महराट्टा'. व्यक्तीचं नाव लागत नसेल तर तिच्या हुद्द्यावरून, गावावरून किंवा कचेरीवरून शोधा (प्रश्न १).

१३. मोडी येत नाही. तोवर थांबू का?

इंग्रजी आणि छापील साधनांवर काम सुरू करा, पण मोडी शिका. पुराभिलेख खातं आणि पुण्यातल्या संस्था वर्ग घेतात. छापील अक्षरं लवकर येतात. शिकस्त (घाईचा, मोडका) हात असलेल्या कारकुनाचं पत्र वाचायला मात्र वर्ष-दोन वर्षं रोजचा सराव लागतो.

१४. सरकारी कागदात आहे म्हणजे ते खरंच घडलं असणार ना?

कागदानं एवढंच सिद्ध होतं की अमुक माणसानं अमुक दिवशी ते वर कळवलं. पोलीस पाटील जमावाचा आकडा वाढवी, कारण मोठ्या जमावापुढे माघार घेतली तर ठपका येत नसे. खबऱ्याला बातमीचे पैसे मिळत. युद्धरोजनिशी कधी कधी लढाईनंतर सवडीनं लिहिली जाई. 'दरोडेखोर', 'हुल्लडबाज' ही विशेषणं अहवाल लिहिणाऱ्याची आहेत, ती उचलून आपल्या लेखात घेऊ नयेत. त्याच दिवसाचा दुसऱ्या कचेरीतला कागद शेजारी ठेवला की बहुतेक वेळा विसंगती उघडी पडते.

१५. फोटो काढून लेखात, पुस्तकात छापले तर चालतं का?

स्वतःच्या अभ्यासासाठी फोटो काढायला क्यूमध्ये आणि ब्रिटिश लायब्ररीत बहुतेक कागदांना हरकत नसते. भारतात आधी लेखी परवानगी विचारावी. छापण्याची गोष्ट वेगळी. ब्रिटिश सरकारी कागद खुल्या परवान्याखाली वापरता येतात. खाजगी पत्रांना तो लागू नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी कधी न छापलेल्या कित्येक जुन्या खाजगी लिखाणांचा हक्क २०३९ च्या अखेरीपर्यंत चालू आहे, लिहिणारा दीडशे वर्षांपूर्वी वारला असला तरी. तेव्हा गोऱ्या सोजिराचं घरी लिहिलेलं पत्र छापण्याआधी संग्रहाला विचारा. आणि फोटो काढताना प्रत्येक फाइलचा पहिला फोटो तिच्या मुखपृष्ठाचा घ्या. क्रमांक नसलेल्या पानाचा संदर्भ नंतर देता येत नाही.